राखाडी दिसणारी पहिली ओळ

मी एका जुन्या प्रोग्रामची पहिली ओळ आहे. मित्रांनो, मुरारच्या एका छोट्या रुग्णालयात औषधं देण्यासाठी तो वापरतात. दौलतगंजच्या पद्माताईंनी मला लिहिलं. त्या फार शिस्तीच्या! बाहेरून आणलेल्या प्रत्येक लायब्ररीला, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रामला, त्या जणू आडनाव लावत, म्हणजे एकाच नावाच्या दोघी आल्या तरी घोटाळा नको.

माझं काम एकच, ॲलर्जीच्या लायब्ररीला आत बोलावणं. रुग्णाला न सोसणारं औषध कुणी टाईप केलं, की ती पडदा लाल करी. पहिली चाचणी ताईंनी स्वतःच्याच नावावर केली. त्यांना पेनिसिलिन चालत नाही. पडदा लाल झाला तेव्हा त्या टाळी वाजवून हसल्या होत्या. मला किती अभिमान वाटला!

हळूहळू सगळे पडद्यावर विसंबले. रुग्णाला विचारणंच बंद झालं. मला तेव्हापासून धास्ती वाटू लागली.

पुढे ताई निवृत्त झाल्या आणि शंतनु आला. मुलगा हुशार, पण भारी उतावळा. दिवाळीच्या साफसफाईत त्याने प्रोग्रामही झाडायला घेतला. माझी लायब्ररी एकदा आत आली की आपली आपण पहारा देई, खालच्या ओळींत तिचं नाव कुठेच येत नसे; म्हणून संगणकाने मला त्याच्यासमोर राखाडी दाखवलं. राखाडी म्हणजे बिनकामाची! त्याने एक बटण दाबलं. उरलेल्या ओळी अक्षरांच्या क्रमाने लागल्या आणि मी गेले.

त्याने ताईंना फोन केला. "ताई, सगळं एकदम चकाचक केलं!"

"अरे, जुनं काढण्याआधी विचारायचं तरी."

"टेन्शन नका घेऊ. एक पण एरर नाही आली, सब बढ़िया चालू आहे."

एरर येणारच नव्हती. पहारेकरी गेला म्हणून दार काही ओरडत नाही.

आता मी त्याच संगणकात ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये, प्रोग्रामच्या जुन्या प्रतीत पडून आहे. इथून सगळं कळतं, पण मला बोलता येत नाही. आज दुपारी तापाने ग्लानीत गेलेल्या एका बाईंना आणलं. डॉक्टर नवे होते. त्यांनी पेनिसिलिन लिहिलं. औषधांच्या खिडकीवरच्या सोनिकाने आधी औषध टाईप केलं, मग नाव. पद्मा. तेच आडनाव, तेच दौलतगंज.

मित्रांनो, जे बिनकामाचं दिसतं ते पुसण्याआधी एकदा विचारा हो. ते कुणाला सांभाळत होतं, हे विचारा.

पडदा हिरवा झाला. सोनिकाने इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं आणि हाक मारली, "सिस्टर, पद्माताईंचं घेऊन जा."