नकाशातला हापसा

सुग्रीवअप्पा रस्ता कुणाला विचारत नसत. देवगाव फाट्याच्या आसपास उभा जन्म गेला, आता लोकांपुढं अडाणी कशाला व्हायचं, हा त्यांचा हेका. अप्पा कधी चुकत नसत, फक्त लांबच्या वाटेनं येत. अशा माणसावर यंदा मुराळी व्हायची पाळी आली.

मुराळी म्हणजे सासरच्या लेकीला सणासाठी आणायला जाणारा माहेरचा माणूस. अप्पांची ज्ञानू सोनपेठच्या पुढं, गोदावरीकडच्या एका शेतवस्तीवर दिलेली. तिची सासू माणूस म्हणून चांगली, पण रिवाजाला पक्की. नागपंचमीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत मुराळी दारात आला तर सून माहेरी जाणार, नाहीतर नाही. दरवर्षी भारत, ज्ञानूचा भाऊ, जाई. यंदा त्याचा पाय प्लास्टरात होता.

अप्पा लग्नानंतर एकदाही तिकडं फिरकले नव्हते. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे त्यांच्या घरात पूर्वापार चालत आलेलं. जाऊन तहानलेलं बसण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं ते म्हणत. घरात ज्ञानूची आठवण निघाली की मात्र उठून बैलांना वैरण टाकायला जात. बैल चांगले लठ्ठ झाले होते.

"ह्यो नकाशा घ्या," भारतनं त्यांच्या फोनात ॲप टाकून दिलं. "पुरा उतरवून ठेवलाय. रेंज नसली तरी चालतंय. कुण्या कंपनीचा न्हाई, लोकायचा हाय. कुणीबी आपलं ठिकाण ह्यात टाकावं." ज्ञानूच्या घरावर त्यानं खूणही करून दिली.

"ह्यातून बाई बोलायलीय की," अप्पा दचकून म्हणाले.

"तिचं तरी ऐका," अप्पांच्या कारभारीण कडूबाई चुलीपासून म्हणाल्या. "माझं जलमभर ऐकलं न्हाई."

निघताना फोननं विचारलं, जाणार कशानं? मोटारीचं चित्र होतं, चालणाऱ्या माणसाचं होतं, सायकलचं होतं. मोटार आपल्याकडं नाही, चालायचं तर नाहीच. आपल्या मोटारसायकलला चाकं दोन. अप्पांनी बिनधास्त सायकलवर बोट ठेवलं.

सोनपेठपर्यंत सगळं सुरळीत झालं. पुढं फोनमधल्या बाईनं डांबरी रस्ता सोडायला लावला आणि सायकलीला शोभेल अशा पाणंदीत घातलं. श्रावणातली काळी माती ती. मोटारसायकल मडगार्डापर्यंत रुतली. एक गडी म्हशी घेऊन शेजारून गेला. त्याला विचारता आलं असतं, पण अप्पांनी रामराम घातला आणि तोंड मिटून घेतलं. ऊन कलायला लागलं होतं. ज्ञानू पिशवी भरून ओट्यावर बसली असेल, आणि आपल्या हेक्यापायी पोरीची पंचमी बुडणार.

गाडी तिथंच सोडून ते पायी निघाले. कुठवर आलो ते बघायला त्यांनी नकाशा मोठा केला, तशी बारीक अक्षरं दिसू लागली. पहिलंच होतं, 'इथून पुढं गाडी आणू नका.'

"आता सांगायलीस व्हय," अप्पा म्हणाले.

पुढं होतं, 'बांधावरून या.' ते बांधावरून गेले. मग, 'चिंच. दम घ्या, गुडघा दुखत आसंल.'

अप्पा थबकले. आपल्या गुडघ्याची खबर नकाशाला कुणी दिली? चिंचेखाली खरंच बसायला दगड होता. त्यावर टेकून त्यांनी नकाशा बोटानं सरकवला. वस्तीच्या अलीकडं लिहिलं होतं, 'हापसा. सरकारी हाय, आमचा न्हाई. अप्पा, पाणी प्या.'

आता त्यांना उमगलं. लोक नकाशात दुकानं टाकतात, देवळं टाकतात. त्यांच्या लेकीनं अख्ख्या जगाच्या नकाशात कधीच न आलेल्या बापाची वाट टाकून ठेवली होती. बाप विचारणार नाही हे ठाऊक, म्हणून न विचारता सांगितलेली. चिंचेखाली अप्पा उपरणं तोंडाला लावून रडले.

हापश्यापाशी पोचले तेव्हा घसा कोरडा ठणठणीत पडला होता. दांड्याला हात घातला, क्षणभर थांबले आणि हात काढून घेतला.

ओट्यावर ज्ञानू खरंच पिशवी घेऊन बसली होती. आत सासू दिव्यात तेल घालत होती.

"अप्पा? तुमी?"

"आलो ना येळंत, इहिणबाई?" अप्पांनी आधी आत बघून विचारलं.

"आलात की! बसा, बसा," विहीणबाई म्हणाल्या. गाडी चिखलात रुतल्याचं कळताच जावई बैल घेऊन ती काढायला धावले.

ज्ञानूच्या हातात तांब्या नव्हता. द्यावा की न द्यावा, तिला कळत नव्हतं. "हापसा दिसला न्हाई का तुमाला?" तिनं हळूच विचारलं.

"दिसला की." अप्पा चिखलाच्या पायांनी ओट्यावर टेकले. "तुझ्या घरचं आण, बाई. लय तहान लागलीय."

ती आत पळाली. भरून आणलेला तांब्या अर्धा वाटेतच सांडला. उरलेलं अप्पांनी घटाघटा पिऊन टाकलं आणि रिकामा तांब्या पुन्हा तिच्यापुढं धरला.

"आजून आण."