व्रणातलं प्रथिन आणि माझा जळफळाट

मित्रांनो, तपासणी प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खात बसलेला जुना सूक्ष्मदर्शक तो मी. पितळी अंग, तीन भिंगं आणि पोटात भरपूर जळफळाट. खोटं कशाला बोलू?

माझी भिंगं एका कारागिराने हाताने घासून घडवली. डॉक्टरबाई इथे नव्या होत्या तेव्हापासून माझ्यातूनच पाहायच्या. "हा माझा तिसरा डोळा," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी फुलून जायचो. मग समोरच्या टेबलावर ते नवं यंत्र आलं. काचपट्टी गिळायचं आणि भल्यामोठ्या पडद्यावर चित्र उमटवायचं! बाई त्याला रोज मऊ फडक्याने पुसायच्या. माझ्या भिंगांवर मात्र बुरशी चढली.

एकदा बेकरीवाल्या मावशी आल्या. फार पूर्वी भट्टीच्या दाराने त्यांचा हात भाजला होता. तो व्रण घट्ट होत गेला आणि आता चिघळला होता. त्यातला तुकडा तपासायचा, तर यंत्र नेमकं बंद! बाईंनी मला खाली उतरवलं. माझा आनंद गगनात मावेना. पण त्यांना धुक्याशिवाय काहीच दिसेना.

"अरेरे, काय दशा केली मी तुझी," त्या पुटपुटल्या आणि मला बाजूला सारलं. यंत्र दुरुस्त होईपर्यंत मावशींचा जीव टांगणीला लागला होता.

अखेर पडद्यावर तपकिरी डाग उमटले.

"हे काय हो?" मावशींनी विचारलं.

"हे एक प्रथिन, दिसावं म्हणून रंगवलेलं. जखम झाली की हे पेशींना हाक मारतं, म्हणून ती भरते. भरली की यानं गप्प बसायचं. तुमच्याकडे बसलंच नाही. व्रण कडक झाला, आणि या कोपऱ्यात कर्करोगाची सुरुवात दिसतेय."

"हात जाईल?"

"नाही. वेळेत कळलंय. तेवढाच भाग काढतील."

हात वाचला. बऱ्या झाल्यावर मावशी आल्या आणि त्यांनी थेट त्या यंत्राला नमस्कार केला! माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मित्रांनो, नव्याला पुसू नका असं मी म्हणत नाही. पण तेच फडकं माझ्यावरूनही फिरवा. ते यंत्र पुन्हा कधीतरी बंद पडेल. पडावंच, असंही मला वाटतं. पण त्या दिवशी समोर कुणाची तरी मावशी बसलेली असेल, आणि तिच्या डॉक्टरांना मला धुकं दाखवायचं नाही.