जवळचा शब्द

"हलू नकोस गं बाई," असं कोंबडीला समजावत एफ्राइमने तिची मान मागे वळवली आणि गळ्यावरची पिसं अंगठ्याने बाजूला केली. खाली फरशीवर मूठभर राख आधीच पसरलेली होती. सुरी एकदा पुढे गेली, एकदा मागे आली, आणि संपलं. रक्त राखेवर पडलं. डब्यातून आणखी मूठभर राख घेऊन त्याने ते झाकलं, ओठातल्या ओठात आशीर्वचन पुटपुटलं आणि सुरीची धार नखावरून हलकेच ओढून पाहिली. कुठेही खाच नव्हती.

"यवढी राख तर आमी भांडी घासायला पन नाय वापरत," गफूर म्हणाला.

"रक्त उघडं ठेवायचं नसतं. खाली राख, वर राख."

"मालूम हाय रे बाबा. तुझ्या बापापासून आयकतोय."

दर शुक्रवारी सकाळी हे असंच चालायचं. पनवेलच्या मोहल्ल्यात गफूर धनसेचं मटणाचं दुकान. गिऱ्हाईक यायच्या आधी तो अर्धं शटर उघडून ठेवी आणि एफ्राइम रोहेकर खाली वाकून आत येई. विजेच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला हा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, गृहस्थ. त्याच्या समाजाची गावात आता बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलेली. त्या घरांना शब्बाथसाठी, शनिवारच्या विश्रामदिवसासाठी, रीतीप्रमाणे कापलेली कोंबडी लागे आणि ते काम बापामागे एफ्राइमकडे आलेलं. स्वभावाने एवढा भित्रा माणूस, की घरात पाल निघाली तर बायकोला, हेप्झिबाला, हाक मारायचा. पण सुरी हातात आली की त्याचा हात थरथरत नसे.

बापाने त्याला शिकवलं होतं: मध्ये थांबायचं नाही, खुपसायचं नाही आणि दाबायचं तर मुळीच नाही. धारच अशी ठेवायची की जिवाला कळू नये. सुरीला टोक नव्हतं. लांबट, पट्टीसारखी, नुसती धारच. तिला बकऱ्याच्या कातड्याचं म्यान गफूरनेच शिवून दिलेलं.

म्यान दिलं त्या दिवसापासून दोघांचा एक खेळ सुरू झाला होता. गफूर लहानपणी मौलवीकडे अरबी शिकलेला, एफ्राइम सिनेगॉगमध्ये हिब्रू. दोघांचंही शिक्षण अर्धवट, त्यामुळे वाद घालायला भरपूर वाव. "म्यानाला अरबीत किराब म्हणतात," गफूरने तेव्हा छाती फुगवून सांगितलं होतं. "करीबमधला. तलवारीला जवळ घेतं ते किराब." मग काय, त्या एका शब्दाचं शेपूट धरून दोघं वर्षानुवर्षं फिरले. करीब म्हणजे जवळ. अकरबा म्हणजे नातेवाईक. कुर्बानी म्हणजे अल्लाच्या जवळ जायला दिलेला जीव. पाणक्याची पखाल ती किरबा. एफ्राइमकडेही तेच नाणं, फक्त छाप वेगळा. कारोव म्हणजे जवळचा, कोरबान म्हणजे वेदीवर चढवलेला बळी.

"आणि क्राव," एफ्राइमने आज मुद्दाम काडी टाकली. दुसरी कोंबडी झाली होती, सुरी धुऊन, पुसून, तपासून झाली होती.

"हे काय आनि?"

"लढाई. आमच्यात लढाईसुद्धा याच शब्दातून निघते."

"हॅत्!" गफूर हातातला खाटकी सुरा आपटत म्हणाला. "तुमी लोकांनी शब्द बिघडवलाव. जवळ येन्यात लडाई कुटून आली? कुर्बान, करीब, सगली मोहब्बतची बात हाय. आनि ह्यो मधीच लडाई घुसवतोय."

"अरे, जवळ आल्याशिवाय लढाई होते का? लांबच्याशी कुणी भांडतं?"

आपण फार मोठा मुद्दा मारला या आनंदात एफ्राइम हसला आणि हसत हसतच हात धुवायला मागच्या नळाकडे गेला. सुरी ओट्यावरच्या फडक्यावर राहिली. आधी सुरी म्यानात, मग हात नळाखाली, हा त्याचा आयुष्यभराचा क्रम. त्या दिवशी बोलण्याच्या नादात तो मोडला.

तेवढ्यात शटरखालून मुजीब आत आला. गफूरच्या मोठ्या भावाचा, इब्राहिमचा मुलगा. दुकानांची ती सगळी रांग पाडून तिथे इमारत बांधायची होती. बाकी सगळ्यांच्या सह्या झालेल्या, इब्राहिमचीही. अडून बसला होता फक्त गफूर.

"चाचा, आज सही पायजे. बिल्डरचा मानूस दुपारला येतोय."

"तुला किती डाव सांगू? मी मेल्यावर काय ते कर."

"मग मरशील कधी? वाट बघून आमचं वाटोलं झालं!"

नळाखाली हात धरलेल्या एफ्राइमला चपराकीचा आवाज ऐकू आला. गफूरचा हात आधीपासूनच सैल. हाच मुजीब लहानपणी बापाच्या माराला भिऊन गफूरच्या मांडीवर येऊन झोपायचा. त्या हक्कानेच गफूरने मारलं असणार. पण तिशीतल्या माणसाला, बाहेर बाजाराला ऐकू जाईल असं मारलं. मुजीबने मागे हात टाकला. हाताला जे लागलं ते उचललं आणि फिरवलं.

आरडाओरडा झालाच नाही. एफ्राइम वळला तेव्हा गफूर आपल्या बनियनकडे नवलाने बघत उभा होता. छातीवरून लाल पट्टा उतरत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. "काय रे केलंस?" एवढंच तो म्हणाला, ते शब्दही घशात बुडबुडले. मग त्याचे गुडघे वाकले. मुजीबने हातातल्या सुरीकडे पाहिलं, मग चाचाकडे. सुरी टाकून तो शटरखालून पळाला.

धार चांगली होती. एफ्राइमला त्या क्षणी पहिलं काही सुचलं असेल तर हेच, आणि त्याला आपल्या हातांची किळस आली.

पण तेच हात पुढे झाले. गळ्यातली शीर कुठे असते हे शोधायला त्याला वेळ लागला नाही. जन्म त्यातच गेला होता. गफूरच्या छातीवर गुडघा टेकून, दोन्ही हात मानेच्या डाव्या बाजूला लावून त्याने सगळ्या अंगाचा भार टाकला. दाबायचं नाही असं ज्याला आयुष्यभर बजावलेलं, तो जीव खाऊन दाबत होता. बोटांखाली रक्ताच्या उसळ्या लागत होत्या. जरा ढिलाई झाली की रक्त वर येई, जोर लावला की थांबे. "बघ, थांबतंय," तो गफूरला म्हणाला. "माझ्याकडे बघ. बोलू नको. आज तरी गप्प बस."

गफूरचे डोळे त्याच्यावर खिळले होते.

शटर धाडकन वर गेलं. उजेड आला आणि उजेडात जे दिसलं ते बाजाराने आपल्या डोळ्यांनी पाहिलं: कोंबड्या कापणारा म्हातारा गफूरशेठच्या छातीवर बसून त्याचा गळा आवळतोय, शेजारी रक्ताने माखलेली त्याचीच सुरी.

"मारला रे! शेठला मारला!"

पहिली लाथ बरगडीत बसली. आतून काडकन आवाज आला. "अरे, सोडलं तर मरेल तो!" एफ्राइम ओरडला, पण तोंडावर बसलेल्या ठोशात शब्द आणि दात एकदमच निघाले. कुणीतरी तराजूचं वजन फेकून मारलं. कुणी पाठीत दांडका घातला. मोबाइलच्या दुकानातला केतन, ज्याला एफ्राइम फोनमधलं काही अडलं की हाक मारायचा, तो केस धरून मागे ओढत होता. एफ्राइमने हात सोडले नाहीत. तो काही शूर नव्हता. त्याला फक्त एवढं ठाऊक होतं, की हे हात उठले तर खेळ खलास.

शेवटी चौघांनी मिळून त्याची बोटं एकेक करून उपसली आणि त्याला फरफटत बाहेर नेऊन गटाराच्या कडेला टाकलं. तिथेही लाथा पडत होत्या. त्याला त्या लागत नव्हत्या. त्याला आत फरशीवर पसरत चाललेलं रक्त दिसत होतं आणि गफूरकडे कुणाचं लक्षच नव्हतं, सगळे एफ्राइमलाच मारण्यात दंग.

"मुडद्यांनो, सोडा त्याला!" मच्छी मार्केटातली सोनाबाई कोळीण पाटी तशीच टाकून धावत आली होती. हातातला ओला सुंभाचा दोर ती दिसेल त्याच्या पाठीवर ओढत सुटली. "त्यो मुजीब पलाला, माज्या अंगावरशी पलाला! रगात व्हतं त्याच्या हातान! ह्यो दाबून धरीत व्हता रं, कापीत नाय! डोलं फुटलं काय तुमचं?"

हात थबकले. एफ्राइम गुडघ्यांवर रांगत आत गेला आणि त्याने पुन्हा तीच जागा धरली. आता बोटांखाली उसळी लागायला वाट बघावी लागत होती.

रिक्षात सोनाबाईने गफूरचे पाय मांडीवर घेतले होते. केतन रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धा बाहेर लटकत "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत होता, रडत होता. गफूरचे ओठ हलले. एफ्राइमने कान खाली नेला, पण नुसती हवा आली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाईंनी मनगट पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "काका, सोडा आता." त्याने सोडलं नाही. मघा बाजाराने जशी सोडवली होती तशीच त्यांनीही त्याची बोटं एकेक करून सोडवली, फक्त हळुवारपणे.

मुजीब तासाभरात सापडला, हायवेला, कोन गावाजवळ. लोकांनी आधी त्याला फोडला, मग पोलिसांच्या ताब्यात दिला. ठाण्यात बाकावर बसलेल्या एफ्राइमसमोरून त्याला नेलं तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. एफ्राइमला दया आली नाही. सुरी हातात असती तर आपण उठलो असतो, हे त्याला स्पष्ट कळलं. आणि धारदार नको होती. बोथट, खाचा पडलेली, वेळ लावणारी हवी होती. असा विचार आपल्या डोक्यात मावतो याची त्याला भीती वाटली, पण विचार काही जाईना.

"सुरी कुणाची?" फौजदाराने विचारलं.

"माझी."

"म्यान होतं ना? मग बाहेर का ठेवली?"

"बोलत होतो," एफ्राइम म्हणाला.

"काय बोलत होतात?"

 आपण वाद जिंकला होता, हे फौजदाराला कसं सांगायचं?

हेप्झिबाने त्याला दवाखान्यात नेऊन बरगड्यांना पट्टा बांधून घेतला, पडलेल्या दाताच्या जागी कापूस धरायला दिला. इस्रायलमधल्या अश्दोदहून मुलाचा, अवीचा, फोन आला. "पप्पा, बास झालं. ज्यांनी तुम्हाला मारलं त्यांच्यात राहायचं नाही. मी तिकिटं काढतो." एफ्राइमने ऐकून घेतलं आणि फोन हेप्झिबाकडे दिला. मग चप्पल घातली.

"आता कुठे?" तिने विचारलं.

"राहिलंय थोडं."

पंचनामा होऊन गेला होता. दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं आणि केतन पाण्याचा पाइप घेऊन दारात उभा होता. फरशीवरचं रक्त काळं पडू लागलेलं, माश्या घोंगावत होत्या. एफ्राइमला बघून केतनची मान खाली गेली.

"काका, मी... मला वाटलं..."

"पाणी मारू नको," एफ्राइम म्हणाला.

बरगडीवर हात दाबून तो वाकला आणि आत गेला. राखेचा डबा कोपऱ्यात जिथल्या तिथे होता. रीत कोंबडीची, रानपाखराची. माणसासाठी अशी काही रीत कुणी सांगितलेली नव्हती. आणि खालची राख तर घालायची राहूनच गेली होती. त्याने मूठ भरली आणि वरून टाकायला सुरुवात केली. आशीर्वचन म्हटलं नाही.

शटरखालून कुणीतरी आत आलं. इब्राहिम. गफूरचा भाऊ आणि मुजीबचा बाप. एका दिवसात तो एवढा म्हातारा झाला होता, की एफ्राइमने त्याला आधी ओळखलंच नाही.  काय बोलणार? एकाचा मुलगा, एकाची सुरी.

"उद्या दफन हाय," शेवटी इब्राहिम म्हणाला. "मौलाना करीबवाल्यांना पुढं बोलावतात. मय्यत खाली उतरवायला. गफूरला पोरगा नाय, पोरीच हायेत." त्याने फरशीवरच्या राखेकडे पाहिलं. "मी कुठल्या तोंडानं उतरू? तुमी येशाल काय?"

एफ्राइमला वाटलं, आत्ता मागून गफूर ओरडेल, बघ, सांगत नव्हतो? करीब म्हणजे करीब! आणि आपण म्हणू, हो बाबा, हरलो. तुझंच खरं. हजार वेळा हरलो असतो.

"येईन," तो म्हणाला. "पण तुम्हीही उतरायचं. भाऊ आहात."

इब्राहिम तिथेच खाली बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडला. एफ्राइम राख टाकत राहिला. डब्याचा तळ लागला तेव्हा बरंचसं झाकून झालं होतं.

रडणं ओसरल्यावर इब्राहिमने डोळे पुसले. तो ओट्याच्या पायाशी वाकला, तळहाताने थोडी राख पुढे सारली आणि म्हणाला, "हितं राहिलंय."