एक महिना आधी, लेखी

माझ्या आतल्या बाजूला, तळापासून बहात्तर सेंटिमीटर उंचीवर, एक पांढरी रेषा आहे. तिची रुंदी तांदळाच्या दाण्याएवढी. ती कुणी रंगवलेली नाही. पाणी जिथे पुन्हा पुन्हा येऊन थांबते, तिथे त्यातला क्षार भिंतीला धरतो. ही रेषा तयार व्हायला नऊ वर्षे लागली.

मित्रांनो, मी एक जुना, निळा, प्लास्टिकचा ड्रम आहे. सोलापुरातल्या एका बोळात, समोरासमोरच्या दोन दारांच्या मध्ये मी उभा असतो. एक दार घरमालकीण बजाबाईंचे, दुसरे भाडेकरू तेजश्रीचे.

वितळलेल्या प्लास्टिकमध्ये हवा फुंकून मला आकार दिला गेला. माझे पहिले काम टॉवेलच्या कारखान्यात होते. टॉवेल मऊ करणारे रसायन माझ्यात भरलेले असे. ते संपल्यावर मी जुन्या ड्रमच्या ढिगात उन्हात पडून होतो. तिथून धर्मपाल सरवदे यांनी मला विकत घेतले आणि रिक्षाला बांधून या बोळात आणले. त्यांची बायको तेजश्री एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. तिने मला सोड्याने सात वेळा धुतले. प्रत्येक वेळी थोडे पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन ती उजेडात पाहायची. सातव्या वेळी म्हणाली, "आता ठीक आहे."

त्याआधी दोन महिने ती दोघे घर शोधत होती. खोली पसंत पडायची, भाडे ठरायचे. मग आडनाव विचारले जायचे आणि दुसऱ्या दिवशी ती खोली मालकाच्या पुतण्याला दिलेली असायची. बजाबाई मूळच्या जेऊरकडच्या. त्यांनी आडनाव विचारले नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"पानी आलं की भरायला घरी कोन असतंय?"

"कुणीच नसतं," तेजश्री म्हणाली होती. "मुलगी शाळेत, आम्ही दोघं कामावर."

"मग मी भरीन. मला तरी काय उद्योग हाय?"

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, तेही दीडेक तास. बजाबाई पाइप आधी माझ्यात सोडायच्या. बहात्तर सेंटिमीटर झाले की तो काढून आपल्या सिमेंटच्या टाकीत टाकायच्या. ही उंची कुणी ठरवली नव्हती, पण नऊ वर्षे ती पाळली गेली.

बजाबाईंना लिहिता येत नाही. त्यांचे बँकेचे फॉर्म, पेन्शनचे दाखले, मुलाच्या घरच्या बारशाची यादी, सगळे तेजश्रीनेच लिहिले. ती माझ्या झाकणावर कागद ठेवून उभ्यानेच लिहायची. पेन दाबून लिहायची सवय असल्याने प्रत्येक अक्षर मला कळायचे. बजाबाई कौतुकाने म्हणायच्या, "तेजूचं अक्षर बघून बँकवालासुदिक आधी मला बसायला सांगतोय."

तिसऱ्या वर्षी माझ्या बुडाशी केसाएवढी चीर पडली. फरशीवर ओलसर वर्तुळ दिसताच धर्मपालांनी मला रिकामे केले आणि तापवलेला चमचा फिरवून ती चीर बुजवली. मित्रांनो, मी वाचलो तो चीर लहान होती म्हणून नव्हे. ती वेळेवर दिसली म्हणून वाचलो. आठ दिवसांनी दिसली असती, तर भरल्या पोटाने फुटलो असतो.

हे मला या एप्रिलमध्ये रोज आठवत होते.

महिन्याच्या सुरुवातीला बजाबाई माझ्याजवळ उभ्या राहून फोनवर मोठ्याने बोलत होत्या. त्यांचा मुलगा नवनाथ पुण्याकडे कारखान्यात होता. तिथले काम सुटले होते. बायको आणि दोन मुलांना घेऊन तो एक जूनला कायमचा परत येणार होता. "या की," त्या म्हणाल्या. "घर तुमचंच हाय." फोन ठेवल्यावर मात्र त्या तेजश्रीच्या बंद दाराकडे पाहत राहिल्या. त्यांच्याकडे स्वतःला एकच खोली होती.

त्या रविवारी त्यांनी तेजश्रीला करार वाचायला लावला.

"मधीच करार कशाला, मावशी?"

"असंच. काय लिवलंय ते इसरले मी."

तेजश्रीने वाचले. घर सोडायचे असो वा रिकामे करून घ्यायचे असो, दोघांपैकी ज्याला हवे त्याने दुसऱ्याला एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी.

"तोंडानं सांगितलं तर?"

"चालत नाही. तोंडचं माणूस विसरतं. नाहीतर विसरलो म्हणतं."

"आन महिना कशाला? पंधरा दिवसात घर गावत न्हाय व्हय?"

तेजश्रीने कराराची नीट घडी घातली. "कुणाला गावतं, मावशी. आम्हाला दोन महिने लागले होते."

मी मनात हिशेब केला. एक जूनला खोल्या हव्या असतील, तर कागद तीस एप्रिलपर्यंत द्यायला हवा. त्यानंतरचा प्रत्येक दिवस तेजश्रीच्या घर शोधण्यातून कमी होणार होता. आणि लिहिणार कोण? बजाबाईंचे सगळे कागद जी लिहायची, तिलाच हा कागद मिळायचा होता.

त्यानंतर माझी पातळी बिघडली. एकदा पाणी पंचाहत्तरला थांबले, एकदा सहासष्टला. बजाबाई पाइप धरून उभ्या असत, पण लक्ष माझ्याकडे नसे. दोनदा त्यांनी तेजश्रीला हाक मारली. पहिल्यांदा म्हणाल्या, "जेवलीस का?" दुसऱ्यांदा, "ऊन लई हाय."

सव्वीस तारखेला पाणी आले तेव्हा शेजारचे तात्याबा बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. कागद लिहून द्याल का, असे बजाबाईंनी त्यांना हळूच विचारले.

"नोटीस?" तात्याबा हसले. "कोर्टात जायाचंय काय, बजाबाई? हितं पाइप धरून उबी हायस. तो त्यांच्या ड्रममदी सोडू नगंस. दोन पाळ्या पानी मिळालं न्हाय की आपसूक सामान बांदत्यात. कागद न्हाय, पेन न्हाय."

"अन ती पोरगी काय पिनार?"

"ते त्यांनी बगावं की."

तात्याबा निघून गेले. पाणी एकतीस सेंटिमीटरवर होते. बजाबाईंनी पाइप माझ्यातून काढला.

मित्रांनो, ड्रमला ओरडता येत नाही. पाणी त्यांच्या टाकीत पडल्याचा आवाज मी ऐकत होतो. बहुधा दहा मिनिटे. भीती मला माझीही होती. घर बदलताना माणसे भांडी नेतात, देव्हारे नेतात, फोटो नेतात, पण बुडाला डाग दिलेला ड्रम कुणी नेत नाही. तरी त्या वेळी मला तेजश्रीच्या मुलीची, साक्षीचीच जास्त काळजी वाटत होती. ती दुपारी शाळेतून येऊन आधी माझ्यात तांब्या बुडवते.

मग पाइप पुन्हा माझ्यात आला. तो कुणी काढलाच नाही. पाणी रेषा ओलांडून काठाला आले, बोळात वाहू लागले, तरी बजाबाई तशाच उभ्या.

संध्याकाळी तेजश्रीने झाकण उघडून पाहिले. "मावशींचं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली. "आज काठोकाठ भरलाय."

"बरंच की," धर्मपाल म्हणाले.

"बरं नाही," ती म्हणाली आणि झाकण लावून बराच वेळ तिथेच थांबली. विचारावे की नाही, हे तिलाही ठरवता येत नसावे.

तीस तारखेला पाणी दुपारीच येऊन गेले. माझ्यात ते बरोबर रेषेवर थांबले होते. तेजश्री कामावरून परतली तेव्हा बजाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर नीट होता, समोर शाईचा पॅड होता.

"चप्पल काडू नगंस. कागद आन. पेन आन."

तेजश्रीने पर्समधून पेन काढले. वहीचे एक पान माझ्या झाकणावर ठेवले, वर तारीख लिहिली. तीस एप्रिल. मला तिचा हात नेहमीपेक्षा हलका लागला.

"बँकेचं आहे का?"

"न्हाय."

"मग कुणाला लिहायचं, मावशी?"

बजाबाईंनी अंगठा पॅडवर ठेवला आणि तसाच वर धरला.

"तुला," त्या म्हणाल्या. "नवनाथ येतोय, बायकापोरं घिऊन. मला खोल्या लागत्यात. एक जूनला मोकळ्या करून द्या, असं लिव. पुरता महिना लिव."