हिरवा बिल्ला

कोरियातल्या जेजू बेटाच्या त्या किनाऱ्यावर माल्सूनचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. श्वास कोंडून समुद्राच्या तळाशी जायचं आणि खडकाला चिकटलेले शिंपले काढून आणायचे, हे काम ती अठ्ठेचाळीस वर्षं करत होती. गावातल्या सात पाणबुड्या बायकांची ती म्होरकी. त्यामुळे तिचा मुलगा ग्युचल बायकांच्या खडकापाशी जाळी टाकायची परवानगी मागायला आला, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं.

तिथे जाळ्यांना बंदी होती. कुणाच्या तरी हरवलेल्या नायलॉनच्या जाळ्यानं पूर्वी एका बाईला जीव जाईपर्यंत तळाशी धरून ठेवलं होतं. तेव्हापासून प्रत्येकीच्या कमरेला जाळं कापायला एक छोटी सुरी असे.

"हे तसलं जाळं नाही, मावशी," ग्युचल इन्सेंगला म्हणाला. "सरकारी आहे. हरवलं तरी दोन वर्षांत समुद्रच खातो त्याला. मग हातात घेतलं तर उकडलेल्या शेवयांसारखं तुटतं. प्रत्येकाला हिरवा बिल्ला, त्यावर साल लिहिलेलं."

"तू लहानपणी म्हणायचास, संत्रं मी नाही खाल्लं," इन्सेंग म्हणाली. "आणि साल हनुवटीला चिकटलेली असायची."

बायका खो खो हसल्या. इन्सेंग माल्सूनची चाळीस वर्षांची मैत्रीण, जिभेला हाड नसलेली. पण लेकाची अशी चारचौघींत झालेली थट्टा माल्सूनला झोंबली.

"माझ्या पोटचा आहे तो. त्याच्यासाठी शब्द माझा," ती म्हणाली. तेवढ्यावर न थांबता तिनं कमरेची सुरी सोडून शेकोटीच्या आडोशाच्या भिंतीवर टांगली. "आता खाटकासारखं फिरायला नको."

हळूहळू सगळ्यांच्या सुऱ्या भिंतीवर गेल्या. सर्वांत शेवटी इन्सेंगची.

"तुझ्या शब्दावर टांगतेय, बरं का," ती म्हणाली.

पुढे तीन वर्षं गेली. नव्या जाळ्यात मासा कमी लागतो म्हणून सगळं बंदर कुरकुरत होतं. ग्युचल तेवढा कुरकुरत नव्हता. एकदा त्याच्या कोठारात माल्सूनला सरकारी जाळ्यांचे गठ्ठे दिसले, बांधलेली दोरीही न सोडलेले. बिल्ले मात्र काढून घेतलेले.

"राखीव आहेत, आई," तो म्हणाला.

दोन आणि दोन चार हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिनं बेरीज केली नाही, इतकंच. आपल्या लेकराचं खोटं आईला ऐकू येतं, पण ऐकायचं की नाही हे तीच ठरवते.

त्या नोव्हेंबरातल्या सकाळी इन्सेंगचा नारिंगी बोया पाण्यावर डुलत राहिला, पण वर आल्यावर श्वास सोडताना वाजणारी तिची शीळ ऐकू आली नाही. माल्सून खाली गेली.

इन्सेंगचा पाय गुडघ्यापर्यंत जाळ्यात होता. शेजारी हिरवा बिल्ला हलत होता, त्यावर तीन वर्षांपूर्वीचं साल. इन्सेंग घाबरलेली नव्हती, हेच भयंकर होतं. बिल्ला बघून ती दोन्ही हातांनी जाळं ओढत होती, आत्ता तुटेल म्हणून.

माल्सूनचा हात कमरेला गेला. तिथे काही नव्हतं. मग तीही ओढू लागली. हातमोजे फाटले, धागा तळव्यात रुतला, पण तुटला नाही. बिल्ला दुहेरी पीळ देऊन टोक आत खोचलेल्या गाठीनं बांधलेला होता. ती गाठ तिनंच ग्युचलला शिकवली होती.

ती श्वास घ्यायला वर गेली. परत आली तेव्हा इन्सेंगचे हात थांबले होते. इन्सेंगच्या पायातला रबरी मोजा आणि त्याबरोबर कातडं मागे ठेवून तिनं मैत्रिणीला बाहेर ओढलं.

शेकोटीपाशी इन्सेंगला आडवं केलं; माल्सूननं आधीच तिचे पाय घोंगडीत गुंडाळले होते. संत्र्याच्या बागेतून तिची मुलगी सूयन धावत आली, हातात फळं तोडायची कात्री तशीच. एक तरुण पाणबुडी खाली बघून आली होती. "जाळं आहे, पण हिरव्या बिल्ल्याचं. तीन वर्षांपूर्वीचं," ती म्हणाली.

"मावशी," सूयननं विचारलं, "जाळ्यानं धरलं होतं का आईला?"

आडोशाच्या दारात ग्युचल उभा होता, चेहरा चुन्यासारखा पांढरा. माल्सूननं कापलेल्या तळव्यांवर मुठी मिटल्या.

"नाही गं. माझ्या हातात तुटलं ते. शेवयांसारखं."

पुढचं बायकांना सांगावं लागलं नाही. जाळं नाही, तर मग एकच. श्वास संपत आलेला असताना आणखी एक शिंपला दिसतो आणि हात पुढे जातो. त्या धंद्यात याहून लाजिरवाणं मरण नाही. पोरीला पोहायच्या आधी शिकवतात, हाव धरू नकोस.

"हाव?" सूयननं हळूच विचारलं.

"मोठा शिंपला होता," माल्सून म्हणाली. "मी खुणेनं सांगितलं, वर ये. ऐकलं नाही तिनं."

सूयननं कात्री खाली ठेवली. गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावून तिनं एकेकीची माफी मागितली, आईच्या हावेनं सगळ्यांचा जीव धोक्यात घातला म्हणून. शेवटी ती माल्सूनसमोर वाकली.

"तुम्ही तिच्यासाठी दोनदा खाली गेलात, मावशी."

अशी वाकलेली पोर मोठ्या माणसानं दोन्ही हातांनी उठवायची असते. सगळ्या वाट पाहत होत्या. माल्सूनच्या मुठी उघडल्या नाहीत.

मग ग्युचलच पुढे झाला. सूयनच्या खांद्यांना धरून त्यानं तिला उभं केलं.

"रडू नकोस, ताई," तो म्हणाला. "समुद्र कुणाची हाव खपवून घेत नाही."