दीड वाजता कोण?

श्रावणी शाळेत जाऊ लागली, ते २०२३ साल. त्याच ऑगस्टमध्ये तिची आई यामिनी डब्लिनच्या एका माहिती केंद्रात ब्रीडाबाईंसमोर बसली होती. बाई निवृत्त शिक्षिका. सरकारी भत्त्यांचे कागद समजावून द्यायला आठवड्यातून दोनदा यायच्या.

“कागदावर तर नोकरी परवडते,” बाई कॅल्क्युलेटर बाजूला ठेवत म्हणाल्या. “एकट्या आईचा भत्ता बंद होईल, घरभाड्याची मदत कमी होईल. तरी आठवड्याला साठेक युरो जास्त उरतील. पण शाळा दीडला सुटते. दीड वाजता कोण? पैसे देऊन माणूस ठेवलंस, तर पदरचेच घालावे लागतील.”

“माझी आई येतेय नागपूरहून.”

“ती किती घेणार?”

दोघी हसल्या.

यामिनीचा नवरा विलास अडीच वर्षांपूर्वी कॅनडाला गेला, तो तिकडचाच झाला. यामिनी एकेकाळी सॉफ्टवेअर तपासायची. श्रावणीच्या जन्मापासून पाच वर्षं घरी. मुलाखतीत सगळे त्या पाच वर्षांवरच बोट ठेवायचे. बॉल्सब्रिजच्या एका ऑफिसानं मात्र घेतो म्हटलं. हे गेलं तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं. शाळेनंतरच्या पाळणाघरात नोव्हेंबरात जागा होणार होती. प्रश्न दोन महिन्यांचा होता.

चार सप्टेंबरला यामिनीची आई, लीलावतीबाई, तिच्या ब्युमॉन्टमधल्या घरी उतरल्या. वय एकोणसत्तर. सलवार-कमीज आयुष्यात पहिल्यांदा घातलेली, त्यावर यामिनीचा जाड कोट. शाळा दीडला सुटायची, पण त्या एक वाजताच फाटकाशी उभ्या.

“आई, इतक्या लवकर कशाला जातेस?”

“लेकरू बाहेर येईन अन् मी दिसली नाही तं? तू तुह्या कामाचं पाह्य.”

श्रावणीला मराठी कळायचं, पण ती बोलायची डब्लिनच्या पोरांसारखं. कोणी कसं आहे विचारलं की काय म्हणायचं, ते तिनं आजीला शिकवलं. मग फाटकावरच्या आया विचारायच्या, “हाऊ आर यू, लीला?” आणि बाई ‘मजेत’ म्हणायच्या ऐवजी इथल्यासारखं ठणकावून सांगायच्या, “ग्रँड!”

“आजी, यू’र गास!” श्रावणी खिदळायची.

“काय म्हन्ते वं ही?”

“मजेशीर आहेस म्हणते.”

“तुह्या बापाले सांगाले पाह्यजे होतं हे. चाळीस वर्षं त्याईले कळलं नाही.”

ऑक्टोबर सरता सरता पाळणाघराचं पत्र आलं. माणसं मिळत नाहीत, जागा जानेवारीत.

“सोडते मी नोकरी,” यामिनी म्हणाली.

“सोडशीन! व्हिसा दोन डिसेंबरपरेंत हाये ना? मंग राह्यते मी. पुढचं पुढं पाहू.”

“आणि बीपीच्या गोळ्या? दोनच महिन्यांच्या आणल्या होत्यास.”

“दुकानदारानं जास्तीच्या देल्ल्या. हायेत भरपूर.”

औषध पोस्टानं मागवता येत नव्हतं. इथल्या डॉक्टरकडे जायचं तर खिशातून, कारण जुनं दुखणं विम्यात बसत नव्हतं. ते कलम यामिनीनंच आईला फोनवर वाचून दाखवलं होतं. त्या आठवड्यात ऑफिसात मोठं काम होतं. आईवर विश्वास ठेवणं सोयीचं होतं. तिनं ठेवला.

नोव्हेंबरात बाई जिन्यावर मध्येच थांबू लागल्या.

“डोकं का धरलंस?”

“हवा लागली. जाय तू, बस चुकन तुही.”

एका मंगळवारी दोनला दहा कमी असताना शाळेचा फोन आला. श्रावणीला घ्यायला कोणी आलेलं नाही. यामिनीनं घरी फोन केला. वाजत राहिला. ती टॅक्सीनं निघाली. शाळा वाटेत लागली, पण ती थांबली नाही.

बाई दारातच पडल्या होत्या. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. एका पायात बूट, दुसरा हातात.

हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलं, कोणती औषधं घेत होत्या? यामिनीनं आईची पर्स उघडली. रुमालाच्या गाठीत गोळ्या होत्या, प्रत्येक गोळी नखानं मोडून अर्धी केलेली. अकरा तुकडे. परतीचं विमान अकरा दिवसांवर होतं.

मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाला. आणखीही काही म्हणाला. ते तिला ऐकू आलं नाही.

शाळेतल्या बाईंनी श्रावणीला हॉस्पिटलात आणून सोडलं. “आजी डिडन्ट कम,” ती रागानं म्हणाली. “आय वेटेड अँड वेटेड.”

ऑफिसानं यामिनीला दोन आठवड्यांची रजा दिली. नंतर रोज एक वाजता निघायची परवानगी मागितली, ती मात्र मिळाली नाही. जानेवारीतही पाळणाघरात जागा झाली नाही. भत्ता परत सुरू करायचा अर्ज घेऊन ती ब्रीडाबाईंकडे गेली. बाईंनी या वेळी कॅल्क्युलेटर काढला नाही. एका चौकटीवर नुसतं बोट ठेवलं. नोकरी सोडण्याचं कारण. जागा दोन ओळींची.

 यामिनीनं लिहिलं: माझी आई, लीलावती पुरुषोत्तम गावंडे, २१ नोव्हेंबर २०२३ रोजी वारली.