आत्याच्या पोर्टात मुकुंदराव

केदारच्या लॅपटॉपला पेटीसारख्या पट्ट्यांचे दोन कीबोर्ड जोडलेले होते आणि दोन्ही जुळे होते. रंग तोच, कंपनी तीच, स्वतःचा आवाज शून्य. आवाज सगळा लॅपटॉपमधून निघायचा. पण लॅपटॉपला दोघांतला फरक कळेना, म्हणून केदारने डाव्या पोर्टचं, म्हणजे वायर खुपसायच्या भोकाचं, नाव ठेवलं 'आत्या' आणि उजव्याचं 'मुकुंदराव'. आत्याला दिली पेटी, मुकुंदरावांना ढोलकी. बारसं झालं, विषय संपला.

खरा विषय शांताआत्याच्या खांद्याचा होता. तारनाक्याच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवलेल्या आत्याला दोन वर्षांपासून भाता हलवता येत नव्हता. "बिनभात्याची पेटी देतो तुला," असा केदारने शब्द दिला होता. आज, रविवारी सकाळी, कोठी भागातल्या हॉलमध्ये दीडशे माणसांसमोर ती पुन्हा बसणार होती. फसलं तर परत कधीच बसणार नाही, हेही तिने शेपू निवडता निवडता सांगून टाकलं होतं.

"ह्या डब्ब्याचा भरवसा काय?" मुकुंदरावांनी विचारलं. ते मंडळाचे सचिव, रेल्वेतून निवृत्त, आणि आज ढोलकीला.

"घरी चार वेळा वाजवून बघितलंय काका."

"घरी माझी स्कूटर पण सुरू होते."

केदार चहा प्यायला गेला. परतला तेव्हा दोन्ही कीबोर्डांना हळदकुंकू लागलं होतं. वाद्यांची पूजा केल्याशिवाय मंडळात कोणी सूर लावत नाही, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पडदा उघडला. आत्याने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि अलगद 'सा' दाबला.

धाड!

पहिल्या रांगेतल्या सावित्रीबाईंच्या हातातला पेढा खाली पडला. दचकून मुकुंदरावांनी ठेका धरायला थाप मारली, तर पेटी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी ओरडली. केदार वाकून धावला. दोन्ही प्लगांवर हळद होती.

"आत्या, तू वायरी काढल्यास?"

"मग? चालू विजेवर पाणी शिंपडू? येडी आहे का मी?"

"परत कुठे लावल्यास?"

"भोक दिसलं तिथे."

माइक चालू होता. दीडशे माणसांनी ऐकलं.

आता वायर उपटली तर लॅपटॉप गोठणार, काल घरी गोठला होता. केदारने नावांची अदलाबदल करायला घेतली. 'मुकुंदराव' खोडून 'आत्या' लिहिलं. लॅपटॉपच्या पडद्यावर उत्तर आलं: हे नाव आधीच वापरात आहे. म्हणजे एकाला तात्पुरतं तिसरं नाव हवं. घाबरलेल्या डोक्याला एकच सुचलं. त्याने 'बटाटा' टाइप केलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. धिन. मग धिन धिन ताक.

आत्या वाजवत होती. आधी एका बोटाने, मग चारांनी. तीस वर्षं शेजारी बसून तिने प्रत्येक ढोलकीवाल्याच्या चुका मोजल्या होत्या, आता त्यातली एकही ती करत नव्हती. मुकुंदराव मात्र जी पट्टी दाबली होती तीच घट्ट धरून बसले. घाम गळत होता, पण सूर सुटत नव्हता. त्या एका सुरावर पहिल्या रांगेने अभंग उचलला, मागोमाग सगळ्या हॉलने.

केदारचं बोट एंटरवर होतं.

"आत्या, बदलू?"

"नक्को!" ती ठेका न सोडता ओरडली. "हात लावशील तर बघ!"

"शांताबाई," मुकुंदराव कळवळले, "मला हे कधी सोडता येईल?"

"अभंग संपल्यावर. आणखी सात कडवी आहेत."

केदारने 'बटाटा' एकेक अक्षर करून खोडला. मग आपल्या रुमालाने त्या दोन्ही प्लगांना लॅपटॉपशी घट्ट बांधून टाकलं.